कॉपीला कायदा, पोरांच्या मनाला परिपत्रक

थोडं लांब लिहितोय. सवडीने वाचा, पण वाचा. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर नक्कीच वाचा.

महाराष्ट्रात परीक्षेतली कॉपी रोखायला कायदा आहे, १९८२ चा. शाळा-कॉलेजांनी डोनेशन उकळू नये म्हणून कायदा आहे, १९८७ चा. रॅगिंगविरुद्ध १९९९ चा. शाळेने फी किती घ्यावी यासाठी २०११ चा. (ते किती पाळले जातात हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) पण वर्गात बसलेलं पोर घाबरलं, गप्प झालं, एकटं पडलं, त्याचा जीव कशात लागेना, तर शाळेने नेमकं काय करायचं? कोणी करायचं? नाही केलं तर जाब कोणाला विचारायचा? हे सांगणारा राज्याचा कायदा आपल्याकडे नाही. परिपत्रकं मात्र ढिगाने आहेत.

आता कोणी म्हणेल, "काय फरक पडतो भाऊ, कायदा काय अन् परिपत्रक काय, दोन्ही कागदच." फरक पडतो. अगदी ताजं उदाहरण देतो.

शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांसाठी राखीव आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियमच बदलून टाकला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असा कोपरा सापडतो का हो? म्हणजे गरीब पोराला त्या इंग्रजी शाळेचं गेटच बंद. लोक उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. कशामुळे? तर २५ टक्के हा कायदा होता. कायद्याच्या विरोधात नियम करता येत नाही, एवढं साधं ते आहे. हेच २५ टक्के जर एखाद्या शासन निर्णयाने दिलेले असते, तर दुसऱ्या शासन निर्णयाने ते एका दुपारी गेले असते आणि आपण फेसबुकवर हळहळत बसलो असतो.

पोरांच्या मानसिक आरोग्याचं आज नेमकं तसंच आहे. जे काही दिलंय ते काढून घेता येईल असंच दिलंय. आणि बहुतेक ठिकाणी काढून घ्यायचीही गरज पडत नाही, कारण ते आलेलंच नसतं.

आकडे थोडक्यात सांगतो, फार खेळणार नाही त्यांच्याशी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यात शाळा-कॉलेज दोन्ही आले. सगळ्यात जास्त आपल्या राज्यात, १,७६४. त्याच्या आदल्या वर्षीही पहिला नंबर आपलाच होता, १,८३४. कोटा-कोटा म्हणून आपण राजस्थानकडे बोट दाखवतो ना, जरा आपल्याकडेही बघू. आणि हे फक्त जीव गेलेल्यांचे आकडे आहेत. जे जिवंत आहेत पण दररोज सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळेत जायला रडतात, त्यांची मोजणी कोण करतो?

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर निकाल दिला. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांचं खंडपीठ. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. न्यायालयाने देशभरातल्या सगळ्या शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लासेस, वसतिगृहं यांना लागू होतील असे १५ निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. मार्कांवरून वेगळ्या बॅचेस पाडायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. शिक्षकच नाही तर शिपाई, बाबू यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण. दलित, आदिवासी, ओबीसी, दिव्यांग, एलजीबीटी मुलांशी भेदभाव न करता कसं वागायचं हेही त्यात आलं. राज्यांनी दोन महिन्यांत खाजगी कोचिंगच्या नोंदणीचे नियम काढायचे आणि जिल्ह्याजिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमायची.

दोन महिने म्हणजे सप्टेंबर २०२५ अखेर. आता मला सांगा, नागपूर जिल्ह्याच्या या समितीत कोण आहे, ती किती वेळा बसली, तिने कोणत्या शाळेत पाय ठेवला, हे तुमच्यापैकी किती पालकांना माहीत आहे? न्यायालयाने मोठ्या कोचिंग शहरांची नावं घेतली त्यात मुंबई आहे, नागपूर नाही, लातूर नाही. पण जिथे जिथे विद्यार्थी मोठ्या संख्येने बाहेरून येतात ती इतर शहरंही त्यात धरली आहेत. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळवरून आलेली पोट्टी नंदनवन, हनुमाननगर, धरमपेठेत खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात, आणि महिन्याच्या टेस्टचा निकाल फलकावर लागला की दोन दिवस घरी फोन करत नाहीत. आपण त्या "इतर शहरांत" आहोत की नाही हे सांगायला वकील कशाला लागतो?

खाजगी शिकवण्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा केला होता. पेपरात गाजला आणि फाइलीत झोपला. राजस्थानने २०२५ मध्ये विधानसभेत कोचिंगचं विधेयक मंजूर करून दाखवलं. त्यात त्रुटी आहेत, टीकाही झाली. पण सभागृहात चर्चा झाली, कोणी काय बोललं त्याची नोंद झाली. आपल्याकडे ती पायरीही नाही.

त्या निकालात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. योग्य कायदा किंवा नियमांची चौकट तयार होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक राहतील. म्हणजे न्यायालय स्वतःच सांगतंय की बाबांनो, हे तात्पुरतं आहे, खरं काम तुमचं आहे. तेव्हा चेंडू मुंबईच्या मंत्रालयात आहे, आणि डिसेंबरमध्ये तो आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये येतो. त्यावर पुढे बोलू.

आधी शाळेत काय चालतं ते बघू.

राज्य मंडळाच्या शाळेत किती पदं मंजूर होणार हे संचमान्यतेत ठरतं. पटसंख्या टाकली की कॉम्प्युटर सांगतो, इतके शिक्षक, इतके शिक्षकेतर. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर निकष आणखी आवळले आणि छोट्या शाळांचे मास्तर अतिरिक्त ठरायला लागले. या संचमान्यतेत समुपदेशक नावाचा रकाना नाही. मुद्दा इथेच संपतो खरं तर. ज्याचा रकाना नाही त्याचं पद नाही, ज्याचं पद नाही त्याचा पगार नाही, आणि ज्याचा पगार नाही तो माणूस शाळेत येणार नाही. मग परिपत्रक आलं की मुख्याध्यापक काय करतात? चित्रकलेच्या नाहीतर पीटीच्या सरांना बोलावतात आणि सांगतात, "सर, आजपासून समुपदेशक तुम्ही." सरांकडे आधीच मतदारयादी, पोषण आहाराचा हिशेब आणि सतरा ऑनलाइन माहित्या. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही.

शहरातल्याच एका शाळेत (नाव लिहीत नाही) मी दारावर "समुपदेशन कक्ष" अशी पाटी पाहिली. आत क्रिकेटचं किट, लेझीमचा ढीग आणि मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका. किल्ली कोणाकडे म्हणून विचारलं तर शिपाई म्हणाला, "कोणती किल्ली?"

सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक आणि विशेष शिक्षक दोन्ही सक्तीचे आहेत. कागदावर का होईना, आहेत. म्हणजे एकाच गल्लीतली दोन पोरं. एक सीबीएसईत जातं, त्याच्यासाठी नियम आहे. दुसरं महापालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं, त्याच्यासाठी लेझीमची खोली. ज्याच्या घरी ताण जास्त, त्यालाच आधार कमी.

राज्य मंडळाचं एक काम मात्र नेमाने होतं. दरवर्षी फेब्रुवारी आला की दहावी-बारावीच्या मुलांसाठी समुपदेशकांचे मोबाइल नंबर पेपरात छापून येतात. चांगलंच आहे ते, मी नावं ठेवणार नाही. पण परीक्षा संपली की नंबरही संपतात. आमच्या पोरांना मन काय फेब्रुवारी-मार्चपुरतंच असतं का? आणि सातवीतल्या पोरीने कोणता पेपर चाळायचा?

आता समावेशनाबद्दल. हा शब्द सरकारी आहे, पण अर्थ सोपा आहे: सगळ्यांना वर्गात जागा. वर्गाच्या आत सामावून घेणं राहू द्या, आपल्याकडे पोरांना वर्गातून बाहेर काढायची पद्धत किती सफाईची आहे ते बघा. नववीचा निकाल लागला की शाळा काही पालकांना बोलावते. "तुमचं पोर दहावीत निघणार नाही. असं करा, दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा." बाहेरून बस म्हणजे झालं. पालक बिचारे मान डोलावतात. पुढच्या जूनमध्ये शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागतो, शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा. त्या शंभर टक्क्यांत कोण नाही हे फ्लेक्सवर लिहीत नाहीत. १७ नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या माणसाला परत परीक्षेला बसता यावं म्हणून आहे. फार मोलाची सोय आहे ती. तिचा आपण कचऱ्याचा डबा करून टाकला. आणि १४-१५ वर्षांच्या पोराला त्या दिवशी काय वाटतं? त्याला शाळेने, आईबापासमोर, तू आमच्यात नको असं सांगितलेलं असतं.

या "निघणार नाही" वाल्यांत कोण असतं? बरेचदा असं पोर, ज्याला अक्षरं उलटीसुलटी दिसतात, वाचताना ओळ सुटते, तोंडी विचारलं तर फटाफट सांगतं आणि पेपरात शून्य. अध्ययन अक्षमता. गंमत म्हणजे अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता, १९९६ पासून. 'तारे जमीन पर' आला २००७ ला, त्याच्या अकरा वर्षं आधी. पण सवलत मिळवायची तर आधी ओळखायला हवं, मग सरकारी दवाखान्यातून तपासणी, मग प्रमाणपत्र. ज्या आईबापाला हे माहीत आहे ते चकरा मारतात आणि मिळवतात. भिवापूर, कुही, पारशिवनीच्या पोराला कोण सांगणार? तो दहा वर्षं "ढ" म्हणून शेवटच्या बाकावर बसतो आणि शेवटी १७ नंबर.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा स्पष्ट सांगतो की सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या प्रत्येक शाळेने अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्यानुसार शिकवायचं. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायचं. हा केंद्राचा कायदा आहे. पण मास्तर कुठून आणायचे, पैसा कुठून द्यायचा, शाळेने नाही केलं तर काय, हे राज्याने ठरवायचं असतं. तिथे गाडी अडते.

आणि आपल्या विदर्भाची खास गोष्ट, जिच्यावर मुंबई-पुण्याच्या चर्चेत कोणी बोलत नाही. सिकलसेल. त्याच २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे, हे किती शाळांना माहीत आहे? आपल्या भागातल्या दलित आणि आदिवासी घरांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. पोराला अचानक अंग फुटेल अशा वेदना होतात, आठ-आठ दिवस दवाखाना, थकवा तर कायमचाच. शाळेच्या लेखी ते पोर गैरहजर, आळशी, कामचुकार. पीटीत धावलं नाही म्हणून शिक्षा. वारंवार बुडालेल्या अभ्यासाचं दडपण, वर्गातली थट्टा, घरातली काळजी, हे सगळं त्याच्या मनावर जाऊन बसतं. मानसिक आरोग्य वेगळं आणि समावेशन वेगळं असं ज्यांना वाटतं त्यांनी या एका पोराकडे बघावं.

विशेष शिक्षकांचं एक पाऊल पडलंय, ते मान्य करायला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं तयार केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यातून न्याय मिळायचा मार्ग उघडला. पण केंद्र म्हणजे दहा-बारा किंवा जास्त शाळा. एक माणूस, मोटरसायकल आणि बारा गावं. नियम सांगतो प्राथमिकला दहा विशेष गरजेच्या मुलांमागे एक. तरी यातून एक सिद्ध होतं. सरकारने मनावर घेतलं, न्यायालयाचा दट्ट्या पाठीत बसला, तर ४,८६० पदं निघतात. मग समुपदेशकांची का निघू नयेत?

पैसा नाही म्हणतात. पैसा कशाकशावर निघतो ते सगळे बघतोय, मी यादी देत बसत नाही.

दुसरं म्हणतात, एवढे प्रशिक्षित लोक आहेत कुठे? हा आक्षेप खरा आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारांना दहा वर्षं दिली होती, लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञ तयार करायला. कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. मुदत मे २०२८ ला संपते. आपल्या विद्यापीठांतून मानसशास्त्र आणि समाजकार्यात एमए, एमएसडब्ल्यू झालेली पोरं-पोरी दरवर्षी बाहेर पडतात आणि बँकेच्या परीक्षा देत बसतात, कारण त्यांच्या शिक्षणाचं पदच कुठे नाही. पद काढा, वरून वर्षभराचं प्रशिक्षण द्या, माणसं मिळतील.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला. "आमाले का झालं? आमी नाही खाल्ल्या का छड्या?" खाल्ल्या काका, खाल्ल्या. पण तुमच्या वर्गातले किती जण सातवीतच शाळा सोडून गेले ते आठवतात का? जे टिकले तेच आज हे सांगायला आहेत. आणि आपण या शहरात काय वातावरण ठेवलंय तेही बघा. १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आपलं, राज्यातल्या चारांपैकी एक. तिथल्या चौकाला आपण आजही काय म्हणतो? पागलखाना चौक. ऑटोवाला म्हणतो, पत्ता सांगताना शिकलेसवरलेले म्हणतात. ज्या शहरात मनाच्या डॉक्टरचा पत्ता ही थट्टा आहे, तिथे १४ वर्षांचं पोर बापाला कसं सांगेल की मला तिकडे घेऊन चला? म्हणून त्याला शाळेतच, रोजच्या वाटेवर, कोणीतरी भेटायला पाहिजे.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०१९ साली कायदा झाला की ताप आल्यावर जशी सुट्टी मिळते तशी मन ठीक नसेल तरी मिळेल. त्यासाठी आमदारांच्या मागे लागले होते शाळेतली मुलं-मुली. न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियाने २०१८ पासून मानसिक आरोग्य हा अभ्यासाचाच भाग केला. ते श्रीमंत आहेत, मान्य. पण सुट्टीच्या रकान्यात एक कारण वाढवायला किती कोटी लागतात?

आता डिसेंबर. १९५३ च्या नागपूर कराराने आपल्याला विधिमंडळाचं हे अधिवेशन मिळालं. सरकार येतं, सावजी खातं, संत्रा बर्फी बांधून नेतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. माझं म्हणणं असं की या अधिवेशनात विद्यार्थी मानसिक आरोग्य आणि समावेशनाचं विधेयक मांडा. त्यात गोड शब्द कमी आणि रकाने जास्त असू द्या. समुपदेशकाचं पद संचमान्यतेत घाला, आधी शंभराच्या वर पट असलेल्या शाळांत, लहान शाळांसाठी केंद्राला एक. मुलाने सांगितलेली गोष्ट, त्याच्या जिवाला धोका असेल ती सोडून, मुख्याध्यापकापर्यंतही जाणार नाही हे लिहा. नाहीतर एकही पोर त्या खोलीत जाणार नाही. निकालासाठी दाखला हातात देणं, १७ नंबर भरायला लावणं हा गुन्हा ठरवा, दंड शाळेला. प्रत्येक शाळेतून किती मुलं नववीनंतर गळली हे दरवर्षी जाहीर करा. कोचिंगलाही यात घ्या. आणि जिल्हा समितीचं इतिवृत्त जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका, मराठीत.

यातलं काहीही अशक्य नाही. कॉपी पकडायला भरारी पथकं काढता येतात, पोलीस लावता येतात, मग हेही जमतं.

तुम्ही काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत किंवा पालकसभेत तीनच प्रश्न विचारा. आपल्या शाळेचा समुपदेशक कोण आणि त्याचं प्रशिक्षण काय? यंदा किती मुलांची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी करवली? मागच्या वर्षी नववीतून किती मुलांना दाखले दिले? उत्तर लेखी मागा. तेच उत्तर घेऊन आमदारांकडे जा. पक्ष कोणताही असो, मला त्यात रस नाही.

घरात एखादं पोर फारच गप्प असेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, तर अधिवेशनाची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. आधी त्याच्याजवळ बसा, मग फोन लावा.

कमेंटमध्ये तुमच्या शाळेने दिलेली उत्तरं लिहा. तालुका लिहा, शाळा जिल्हा परिषदेची, महापालिकेची, अनुदानित की खाजगी ते लिहा. शाळेचं नाव नको, पोराचं तर मुळीच नको. महिनाभर गोळा करतो आणि पुढच्या पोस्टमध्ये तालुक्यानुसार मांडतो.